झीलकऱ्याची चूल

काडी ओढल्याचा आवाज झाला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पेटली असावी, कारण पुढं काहीच ऐकू आलं नाही.

मी अंथरुणातच डोळे उघडले. गल्लीत नळ आले नव्हते, म्हणजे पाच वाजायचे होते. लेक शकू माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपली होती. लग्न होऊन शुक्रवार पेठेतल्या या दोन खोल्यांत आले तेव्हापासून घरातली पहिली काडी मी ओढत आले आहे. बाळंतपणाचे दिवस सोडले तर आठ वर्षांत त्यात खंड नाही. आज ती दुसऱ्या कुणी ओढली होती, आणि आवाज पडवीतून आला होता.

शकूचं डोकं अलगद उशीवर ठेवून मी पडवीच्या दारात आले. मामंजी उकिडवे बसून नव्या चुलीत फुंकत होते. धूर सगळा त्यांच्या तोंडावर येत होता.

"उठलीस व्हय पोरी? नीज की जरा. माजा मी च्या करतूय."

"अहो, पण तपासणीचे साहेब गुरुवारी यायचेत. आज सोमवारच आहे."

"म्हनून तर." त्यांनी डोळे पुसले. "कोरी चूल बघून साहेब इचारंल, हितं कदी शिजलं? चूल काळी दिसाय पायजे. धा-बारा येळा तरी पेटाय पायजे तिनं."

मला हायसं वाटलं. म्हणजे हे सगळं साहेबांसाठीच चाललं होतं तर. मी हसले आणि आत वळणार, तेवढ्यात ते म्हणाले, "जाता जाता कुंकवाचा करंडा दे की. चूल पुजायची ऱ्हायली."

मी तिथंच उभी राहिले. मागच्या आठवड्यात मंगळवार बाजारात शिवबाई कुंभारणीकडून ती चूल मीच आणली होती. डोक्यावरून आणताना वाटभर माझ्या मनात एकच होतं, की खोट्या चुलीला हळदकुंकू लावायचं का? लावलं तर देवाला फसवल्यासारखं, न लावावं तर अन्नाचा अपमान. शेवटी मी तो प्रश्न तसाच ठेवून दिला होता, जसे बायका पुष्कळ प्रश्न डब्यामागं ठेवून देतात. मामंजींनी तो काढून मधोमध ठेवला.

मी करंडा दिला. त्यांनी चुलीच्या तिन्ही उंचवट्यांना बोट टेकवलं, हात जोडले, आणि आधणात चहाची पूड टाकली. फार टाकली.

मामंजींचं नाव धोंडीराम. त्यांचं गाव उजनीच्या पाण्यात गेलं त्याला वर्ष होत आलं होतं. जमीन त्यांची नव्हतीच, दुसऱ्याची वाट्यानं करायचे, म्हणून बदल्यात काही मिळायचा प्रश्न नव्हता. सासूबाई आधीच गेलेल्या. एक ट्रंक, एक घोंगडं आणि फडक्यात गुंडाळलेलं तुणतुणं घेऊन ते आमच्याकडं आले. आले तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी मला एवढंच विचारलं होतं, "पोरी, माजं ताट कुटं मांडशील?"

मी यांच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, शेजारी पाट मांडला. शकू धावत येऊन पलीकडं बसली. तेव्हापासून तीच जागा.

गावात असताना बत्तीस वर्षं ते शाहीर कोंडीबांच्या फडात झीलकरी होते. जत्रेत, उरुसात रात्रभर सवाल-जवाब चालायचे. शाहीर पुढं उभा राहून ओळ टाकायचा, आणि मागं उभे असलेले झीलकरी त्या ओळीचं शेपूट उचलून वर न्यायचे, पार वर, आणि तिथून ते खाली सोडायचे. तेवढ्यात शाहिराला दम घ्यायला मिळायचा, पुढची ओळ सुचायची. मामंजी म्हणायचे, "शाहीर इसरला तर आमी झील लांबवायचो. लोकास्नी वाटायचं, काय रंगलंय! हिकडं शाहीर डोकं खाजवतूय."

शाहीर कोंडीबा वारले, गाव बुडालं, फड मोडला. आमच्या पडवीत मामंजी संध्याकाळी शकूला त्या ओळी सांगायचे. गाऊन नाही, नुसत्या बोलून, कोडी घालावीत तशा. गाणं शकूच करायची. तिनं तिच्या चालीत ओळ म्हटली की मामंजी मागून शेपूट उचलायचे. मी आत भाकरी थापत असायचे. परातीतला हात थांबायचा.

मानधनाची गोष्ट घरात आणली ती अण्णारावांनी. हे जकात नाक्यावर कारकून, अण्णाराव त्यांचे मित्र, जिल्ह्याच्या एका कचेरीत शिपाई. तोंडाला कुलूप म्हणून नाही.

"जोतीराम, तुझा बाप कलावंत आहे का नाही?"

"आहे की."

"मग सरकार वृद्ध कलावंतांना महिन्याला मानधन देतंय. अर्ज आमच्याच टेबलावरनं जातेत. भर आणि दे."

हे फारसे उत्सुक नव्हते. मामंजी मात्र सरसावून बसले. "त्यात काय लिवून येतं, अण्णाराव?"

"काय म्हणजे?"

"म्हंजी, कागुद येतो न्हवं? त्यावर काय असतं?"

"नाव असतं. अमुक तमुक, कलावंत, यांना मंजूर."

"नाव," मामंजी म्हणाले. मग उठून त्यांनी ट्रंक उघडली आणि तळातून एक पिवळी पडलेली जाहिरात काढली. शकूनं अक्षर अक्षर जुळवून वाचली. 'शाहीर कोंडीबा व मंडळी यांचा जंगी सामना.'

"ही मंडळी म्हंजी मी," मामंजी म्हणाले.

अण्णाराव मोठ्यानं हसले. मामंजीही हसले. पण जाहिरात त्यांनी परत ट्रंकेत ठेवली नाही, अर्जाला जोडायला दिली. "गाव गेलं तसं नावबी गेलं," ते म्हणाले. "एका कागदावर तरी असू द्या."

अर्ज भरायला मी बसले, कारण घरात अक्षर माझं बरं. वय, जन्मगाव, कलेचा प्रकार, किती वर्षं सेवा. इथपर्यंत पेन सरळ चाललं. मग उत्पन्नाचा रकाना आला. नुसतं अर्जदाराचं नाही, कुटुंबाचं. आणि खाली, 'अर्जदाराचा सांभाळ करणारे कोणी आहे काय? असल्यास नाते.'

"इथं अडतंय," अण्णाराव म्हणाले. "जोतीराम, तुझा पगार मधी येतोय."

"मग राहू दे," हे म्हणाले.

"राहू दे काय? सगळे करतेत. रेशनकार्डावरनं म्हाताऱ्याचं नाव उतरव. चूल वेगळी दाखव. एक चूल म्हणजे एक कुटुंब, दोन चुली म्हणजे दोन कुटुंबं, सरकारला आपल्या पोटातलं काय कळतंय? एक दिवस साहेब येऊन बघून जाईल. दुसऱ्या दिवशी चूल फोडून टाका आन् तुळस ठेवा तिथं."

"मी लिहून देऊ, बापाला सांभाळत नाही म्हणून?" यांचा आवाज चढला.

"कागदावर रे. कागदावर माणूस कायबी असतो. मी कागदावर पाच फूट आठ इंच आहे."

मी मामंजींकडं पाहिलं. ते जमिनीकडं बघत होते. मग म्हणाले, "लिव पोरी. ल्हान तोंडी मोठा घास हाय, पर लिव."

मी लिहिलं. 'कोणी नाही.' दोन शब्द. त्यानंतर मला कितीतरी वेळ पेनाचं टोपण सापडेना; ते माझ्याच मुठीत होतं. मामंजींनी अंगठा उठवला. अंगठा उठवताना त्यांनी विचारलं, "समदं खरं हाय असं खाली लिवल्यालं असतं न्हवं?"

"असतं की," अण्णाराव म्हणाले. "ते छापीलच असतं."

सोमवार, मंगळवार, बुधवार. ते तीन दिवस मी घर दोन भागांत कापत होते.

दोरीवरचं त्यांचं धोतर काढून पडवीतल्या खिळ्याला टांगलं. त्यांचं पितळी ताट, तांब्या आणि फुलपात्र पडवीत नेऊन चुलीशेजारी मांडलं. पाट मात्र नेववेना, तो आतच भिंतीला उभा करून ठेवला. ज्वारीच्या पिठाचा छोटा डबा, मीठ-मिरची, तेलाची बाटली. साहेब डबा उघडून बघतील का? भरलेला ठेवावा की निम्मा? फार भरला तर म्हणतील खाऊन-पिऊन सुखी आहे, रिकामा ठेवला तर म्हणतील इथं कुणी राहतच नाही. मी तो चार वेळा कमी-जास्त केला.

मंगळवारी शेजारच्या हेमावतीअक्का वाटी परत द्यायला आल्या. त्या अक्कलकोटकडच्या, घरात कानडी बोलायच्या, माझ्याशी मराठी. आमच्या दोघींमध्ये वाटी कधी रिकामी गेली नाही. मी भाजी दिली तर वाटीतून चिंच यायची, निदान चिमूटभर साखर तरी. त्या दिवशी चटणी होती. अक्कांनी वाटी माझ्या हातात दिली आणि चुलीकडं बघत उभ्या राहिल्या.

"काय गं दुर्गा? सासऱ्याबरोबर भांडण झालं काय?"

"नाही हो अक्का. ते मानधनाचं आहे ना, त्यासाठी दाखवायचंय."

"हां." त्यांनी मान हलवली, पण डोळे चुलीवरून निघेनात. चुलीत राख होती. तव्याला करपलेली भाकरी चिकटली होती. "दाखवायला इतकी राख कशाला गं?"

मी चटणीची वाटी आत नेऊन ठेवली. कालपासून मामंजी खरोखरच शिजवत होते. भाकरी त्यांना थापता येत नव्हती. कडेला जाड, मध्ये भोक. मी आतून हळूच गरम भाकरी घेऊन गेले तर हात आडवा करायचे. "नगं. सवय मोडंल." मी म्हणायचे, साहेबांना काय दिसतंय तुम्ही काय खाता ते? ते म्हणायचे, "साहेबाला न्हाई दिसत. मला दिसतंय की."

शकूला अण्णारावांनी तयार केलं. मला ते आवडलं नव्हतं, पण नको म्हणायचं धाडसही झालं नाही. पोर सहा वर्षांची, पहिलीत. तिला कुणी काही विचारलं आणि ती बोलून बसली, तर अर्ज जाईलच, वर घरातून खोटं लिहून दिलं म्हणून यांच्या नोकरीवर येईल. ही शेवटची भीती मी कुणाला बोलून दाखवली नव्हती. हे मात्र बुधवारी दोनदा म्हणाले, "तिला शाळेत पाठव गुरुवारी." आणि गुरुवारी तिला नेमका ताप. फार नाही, अंग कोमट. पण शाळेत पाठवता येईना.

साहेब अकराला आले. चष्मा, हातात फाईल, पायात चपला. मला वाटलं होतं बूट असतील. बरोबर अण्णाराव, एकदम गंभीर, जणू आमची ओळखच नाही. मी दाराआड उभी राहिले. हे रजा काढून घरी होते आणि शेजारी असल्यासारखे ओट्यावर उभे होते. स्वतःच्या दारात पाहुण्यासारखं उभं राहणं त्यांना जमत नव्हतं. हात कधी मागं, कधी पुढं.

साहेबांनी चूल पाहिली. तव्यावर हात ठेवला. कोमट होता.

"सकाळी काय केलंत?"

"भाकरी. आन् कोरड्यास व्हतं कालचं."

ते खरं होतं. साहेबांनी लिहिलं.

"आणि कला? झीलकरी लिहिलंय. म्हणजे कोरस?"

"कोरसच की साहेब," अण्णाराव म्हणाले.

"तसं नाही." साहेबांनी चष्मा वर सरकवला. "म्हणजे मुख्य कलाकार दुसरे. नियमात स्वतःच्या नावानं कला सादर केलेली पाहिजे. साथीदार बसतात की नाही, हे मला बघावं लागेल. तुम्ही एकटे काही म्हणून दाखवता?"

तीन दिवस आम्ही चुलीचीच काळजी केली होती. गाण्याची कुणीच केली नव्हती.

मामंजींनी तुणतुणं फडक्यातून काढलं. तार जुळवली. आणि थांबले.

"म्हणा की."

"पुढची वळ कुनीतरी घ्याय पायजे, साहेब."

"तुम्हीच घ्या ना. ऐकली असेल हजार वेळा."

"ऐकलीया. पर ती शाहिराची वळ हाय. बत्तीस वर्सांत मी कदी तोंडात घेतली न्हाई. शाहीर घसा बसून पडला व्हता, तवाबी घेतली न्हाई."

"अहो, शाहीर वारले ना तुमचे?"

"म्हनून काय झालं?"

अण्णारावांनी कपाळाला हात लावला. यांनी ओट्यावरून माझ्याकडं पाहिलं, मी काहीतरी करावं असं. मला त्या ओळी पाठ होत्या, पण ओठ उघडेनात. सासऱ्यांसमोर, परक्या पुरुषासमोर, दाराआडून गाणारी मी कोण? साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

तेवढ्यात माझ्या पायाशी काहीतरी हललं. शकू अंथरुणातून उठून आली होती, विस्कटलेल्या वेण्या, अंगात माझं जुनं पोलकं. तिनं कुणाला विचारलं नाही. पडवीत जाऊन आज्जापुढं उभी राहिली, त्यांच्याकडं पाठ करून, शाहीर उभा राहतो तशी, आणि तापानं बसलेल्या आवाजात म्हणाली,

"नऊ खिडक्यांची माडी उभारली, किल्ली कुणाच्या हाती…"

आणि मामंजींनी 'हाती' उचललं.

मी आजवर ते संध्याकाळच्या गडबडीत, परातीच्या आवाजात ऐकलं होतं. त्या दिवशी घरात आवाजच नव्हता. 'हाती' वर गेलं, आणखी वर गेलं, आता तुटेल असं वाटलं तिथं थांबलं, आणि जी जी रं जी करत खाली आलं, हलक्या हातानं, झोपलेलं पोर खाली ठेवावं तसं. गल्लीत पाणी भरणारी एक बाई घागर काखेत घेऊन थांबली. साहेबांनी पेनाचं टोपण परत काढलं.

"हे तुमचंच आहे," ते म्हणाले. "मी लिहितो तसं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. यांनी मोठा श्वास सोडला. सगळं संपलं असं आम्हाला वाटलं, आणि तिथंच साहेबांनी शकूच्या गालाला हात लावला.

"छान म्हणतेस गं. आजोबांजवळच जेवतेस का रोज?"

त्यांनी ते का विचारलं, मला आजही कळलेलं नाही. कदाचित लाडानं विचारलं असेल.

शकू सरळ उभी राहिली. हात बाजूला, मान वर, बाईंनी कविता म्हणायला सांगितल्यावर उभी राहते तशी. "नाही. आज्जांची चूल वेगळी आहे. आमचा आणि त्यांचा काही संबंध नाही."

एका दमात, एकही शब्द न चुकता.

साहेबांनी चुलीकडं पाहिलं, मग दाराच्या फटीकडं, जिथं मी होते. त्यांना कळलं असावं. त्यांनी फाईलमध्ये लिहिलं, सही केली आणि चपला घातल्या.

मी मामंजींकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शाहिरानं भलत्याच पट्टीत ओळ टाकली तर मागचा झीलकरी जसा क्षणभर बघत राहील, आता ही कुठवर न्यायची म्हणून, तसं ते शकूकडं बघत होते. मग त्यांनी तुणतुणं फडक्यात गुंडाळलं.

कागद दिवाळीच्या तोंडावर आला. मामंजींनी तो शकूकडून तीनदा वाचून घेतला.

"मंडळी लिवलंय का कुटं?"

"नाही आज्जा. धोंडीराम. कलावंत."

"निस्तं धोंडीराम?"

"व्हय," शकू त्यांच्यासारखं म्हणाली. ते खूप वेळ हसत राहिले. कागदाची घडी करून त्यांनी तुणतुण्याच्या फडक्यात ठेवली.

त्या दिवशी मी शेंगापोळ्या केल्या. भिंतीला उभा केलेला पाट पुसून यांच्या शेजारी मांडला. पितळी ताट पडवीतून आणून चिंचेनं लखलखीत केलं. हे स्वतः बोलवायला गेले.

"आप्पा, चला. झालं आता सरकारचं. उद्या ती चूल फोडून टाकू."

"नगं रं, जोती."

"नको काय? नाटक संपलं की."

"नाटक कुटं व्हतं?" मामंजींचा आवाज अगदी साधा होता, बाजाराला जाऊन येतो म्हणावं तसा. "म्या अंगठा दिलाय. समदं खरं हाय म्हनून. आता कागुद माज्या नावाचा, आन् त्यावर खोटं? शाहिराच्या कागदावर असतं तर येगळं. ह्यो माजा हाय."

"सगळे करतात हो आप्पा."

"करू दे की."

मी दारात गेले. "मामंजी, लिहिलं मी होतं. चुकलं असेल तर माझं चुकलं. पान वाढलंय."

"तुजं काय चुकलं पोरी?" ते माझ्याकडं बघून हसले. "वळ तुमी टाकली. आमचं काम शेवटाला न्यायचं. मदीच सोडली, तर झीलकरी कसला?" आणि चुलीत फुंकर घालायला वाकले.

मी आत येऊन बसले. पाट मांडलेला, ताट मांडलेलं. यांनी एक पोळी खाल्ली आणि हात धुतले. शकूनं आपलं ताट उचलून पडवीकडं जायला पाऊल टाकलं, तर तिकडून आवाज आला, "न्हाय बाळा. आईजवळ जेव."

अण्णाराव सांगतात, म्हातारा हट्टी आहे, होईल सरळ. पण मामंजी हट्टी नाहीत. सकाळी मला नळावरून पाणी आणून देतात. शकूला शाळेत सोडतात. संध्याकाळी ओळ घेतली तर झील धरतात. फक्त जेवायची वेळ झाली की उठतात आणि पडवीचं दार ओढून घेतात. पहाटे आता पहिली काडी त्यांची. मी पडून ऐकते. हल्ली एकाच काडीत पेटते. भाकरीही गोल व्हायला लागली आहे, आणि कुणाला सांगू नये असं वाईट मला त्या गोल भाकरीचंच वाटतं.

मी काही केलं तर वाटीभर शकूच्या हाती पाठवते. ते तेवढं घेतात. पहिल्यांदा मी भरल्या वांग्यांची भाजी पाठवली, तेव्हा मी आत पीठ मळत होते. थोड्या वेळानं शकू परत आली. वाटी दोन्ही हातांत, सांडू नये म्हणून जपून धरलेली. मला वाटलं, भाजी परत पाठवली.

वाटी घासून स्वच्छ होती. तळाशी गुळाचा एक खडा आणि वर मूठभर शेंगदाणे.

शकूनं वाटी माझ्यापुढं ठेवली आणि तशीच उभी राहिली. पिठाचे हात मी कितीतरी वेळ परातीतच ठेवले.

"आई," ती म्हणाली, "हेमावतीअक्का देतात ना, तशी आज्जानं भरून दिली." मग जरा जवळ येऊन, हळू आवाजात, "मी साहेबांना बरोबर सांगितलं होतं की नाही? एक शब्दही चुकले नव्हते. मग आज्जा आत का येत नाही?"